दोन फाटकांमधला डबा

घाबरू नका, मी बोलतोय. हो, मीच, हा शेंदरी डबा. दोन फाटकांच्या मधे उभा असलेला, पोटात सिमेंट आणि मधोमध लोखंडी पाईप. तुम्ही मला वळसा घालून गेलात ते मी पाहिलं. सगळेच घालतात. पण जरा थांबलात तर सांगतो, या अख्ख्या गल्लीत सगळ्यात भित्रा कोण असेल तर तो मीच आहे.

मी मुळात तेलाचा डबा. सोयाबीनचं तेल, पंधरा किलो. सियागंजच्या बाजारातून दिवाकररावांनी मला ऑटोत घालून घरी आणलं तेव्हा त्यांचा उन्मेष सातवीत होता. तेल संपल्यावर त्यांच्या बायकोने, शोभनाकाकूंनी, माझं वरचं तोंड कापून घेतलं. कापणारा पत्रा कचाकच कापत होता आणि मी आतल्या आत थरथरत होतो. वाटलं, संपलं सगळं. पण काकूंनी कडा ठोकून घेतल्या, सोडा घालून गरम पाण्याने मला घासलं, उन्हात पालथा घातला, आणि त्या दिवाळीपासून मी चिवड्याचा डबा झालो.

काय दिवस होते ते, खरं सांगू. शेजारी शैलजाबाई राहायच्या. शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या घरी मोठा डबा नव्हता, म्हणून दोन्ही घरांचा चिवडा माझ्यातच भरायचा. आठ दिवस मी या घरी, आठ दिवस त्या घरी. मधे एक कमरेएवढी भिंत, तिच्यावरून मला इकडून तिकडे द्यायचे. बाईंची पूर्वा तेव्हा चौथीत होती. चोरून चिवडा खायला हात घालायची, तो खांद्यापर्यंत आत जायचा, आणि तळाशी दाणे चाचपडत बसायची. एकदा माझ्यावरच चढून बसली आणि एका बाजूला मला पोचा आला. रडली बिचारी. काकू म्हणाल्या, "राहू दे गं, डबाच आहे." तो पोचा अजून आहे माझ्या अंगावर.

मग प्लास्टिकचे डबे आले, स्टीलचे आले. मी माळ्यावर गेलो. वर पडल्या पडल्या ऐकत होतो. पूर्वा कॉलेजात गेली, बाईंचे यजमान गेले, उन्मेषला नोकरी लागली, पूर्वाचं लग्न देवांशशी झालं, ती भोपाळला गेली. आणि तीन वर्षांपूर्वी उन्मेषने गाडी घेतली.

गाडी आली आणि गल्ली छोटी झाली. आमची गल्ली बंद गल्ली आहे. बाईंचं घर शेवटचं, त्यापुढे भिंत. दिवाकररावांचं त्याच्या अलीकडचं. दोन फाटकांच्या मधे एका गाडीपुरती जागा. पूर्वी तिथे बाईंच्या यजमानांची स्कूटर असायची. ते गेल्यावर जागा रिकामी पडली, आणि उन्मेषची गाडी तिथे सहज उभी राहिली. बाई काही बोलल्या नाहीत. जागा कोणाची हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

एका रविवारी बाईंचे जावईबापू आले आणि त्यांनी आपली गाडी तिथे लावली. उन्मेषला बाहेर मोठ्या रस्त्यावर लावावी लागली. सकाळी बघतो तर गाडीच्या दारावर हातभर ओरखडा. झालं. दिवाकरराव फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बाई, पाहुण्यांना सांगा जरा. घराच्या समोरची जागा ज्याची त्याची असते."

"सडक तुमच्या नावावर केली काय नगरपालिकेने?" बाई म्हणाल्या. "माझ्या पण घराच्या समोरच आहे ती. मोजून घ्या."

आणि दिवाकररावांनी खरंच टेप आणली हो. मोजलं. दोन फाटकांच्या मधली ती जागा अर्धी अर्धी निघाली. अर्ध्या जागेत गाडी मावत नाही. पण बोलून गेली होती दोघंही, आता मागे कोण येणार.

दुसऱ्याच दिवशी मला माळ्यावरून उतरवलं. मी खूश. वाटलं, दिवाळी आली वाटतं. दिवाकररावांनी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून पाईप कापून आणला, माझ्यात उभा धरला, आणि फरशीच्या कामातलं उरलेलं सिमेंट, रेती आणि गिट्टी माझ्या पोटात ओतली. थंडगार. हळूहळू घट्ट होत गेली. वरून फाटकाला दिलेला उरलेला शेंदरी रंग फासला. मग मला ढकलत ढकलत रस्त्याच्या बाजूला आणून उभं केलं. गाडी गेली की मी जागा धरायची, गाडी आली की मला सरकवायचं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. रिकामा होतो तेव्हा एका हाताने कोणीही उचलायचं. आता मी पन्नास किलोचा झालो, आणि स्वतःहून तर बोटभर हलू शकत नाही. कधी कोणाच्या वाटेत आलो तर? मी ओरडू शकत नाही, सरकू शकत नाही. जिथे ठेवलं तिथे अडवत बसायचं, एवढंच माझ्या हातात. तेव्हापासून हीच एक धास्ती माझ्या पोटातल्या सिमेंटइतकी पक्की बसली.

भिंतीवरून वाट्या जाणं बंद झालं. शोभनाकाकू आणि शैलजाबाई समोरासमोर आल्या की दोघी माझ्याकडे बघायच्या, एकमेकींकडे नाही.

यंदाचा दसरा. पूर्वा पहिल्या बाळंतपणाला आदल्याच दिवशी माहेरी आलेली. सातवा संपला होता. चिवड्याच्या दिवसांनंतर मी तिला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. जड पावलांनी फाटकातून आत गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. ओळखणार तरी कशी, रंग फासलेला.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. हार, हळदकुंकू, आपट्याची पानं, चार चाकांखाली चार लिंबं. उन्मेषने गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली, चौथं निसटून घरंगळत माझ्या पायाशी आलं. शोभनाकाकूंनी ते उचललं. पूजेचं लिंबू, कचरागाडीत कसं टाकायचं? निर्माल्याच्या पिशवीत घालू म्हणून त्यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवलं, सोबत थोड्या अक्षता, गाडीच्या लिंबू-मिरचीचा काळा दोरा. जाता जाता कुंकवाचं बोट मलाही लावलं. "तू पण राखणदारच की रे," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं. तेवढ्यात घरात फोन वाजला, त्या आत गेल्या, आणि विसरल्या.

सकाळी उन्मेष गाडी घेऊन गेला. हार गाईने खाल्ला. उरलो मी, लिंबू, काळा दोरा आणि कुंकू, बाईंच्या फाटकापासून दोन हातांवर.

शैलजाबाई दूध घ्यायला बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं आणि हातातलं भांडं खाली पडलं. जन्मभर फळ्यावर गणितं सोडवलेली बाई, पण घरात गरोदर मुलगी, शेजाऱ्यांशी वैर, आणि दारात लिंबू आणि काळा दोरा. त्यांनी हिशेब मांडला आणि उत्तर आलं, टोटका, म्हणजे करणी.

"पूर्वा, बाहेर येऊ नको," त्या ओरडल्या.

अहो बाई, दसऱ्याचं लिंबू आहे हो ते, चाकाखालून निसटलेलं. मी किती ओरडलो आतल्या आत. पण सिमेंटातून आवाज येतो का कुठे.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कचरागाडीवाल्याला कोणीतरी म्हणालं, उचल ते लिंबू. तो दोन पावलं मागे गेला. "भिया, इसको तो हम नी छुएंगे. बाल-बच्चे वाले हैं." बाई मुलीला भिंतीच्या कडेकडेने न्यायला लागल्या. स्कूटरवाले मला सोडून चार हात लांब लावायला लागले. शोभनाकाकूंना काही पत्ता नाही, कारण त्यांच्याशी बोलतंच कोण होतं. लिंबू त्या विसरल्या ते विसरल्याच, आणि उन्मेष आईने ठेवलेलं म्हणून लिंबाला हात न लावता मला सरकवायचा.

कळलं ते दिवाकररावांना. पानाच्या दुकानावर कोणीतरी हसत हसत सांगितलं. ते घरी आले, फाटकाशी उभे राहिले, माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे लिंबू उचलतील, बाईंच्या दारात जातील, म्हणतील, काय बाई तुम्ही पण. माणूस वाईट नाही हो. पण त्यांनी रिकामी जागा पाहिली. दिवसभर एकही गाडी आत घुसली नव्हती. ते किंचित हसले आणि आत गेले.

वीस दिवसांत लिंबू वाळून काळं पडलं, आणि एका दुपारी खाली गळालं. दुसऱ्या दिवशी एका पोराने धीर करून मला वीतभर सरकवलं आणि मोटरसायकल घुसवली. ती लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती, अमावस्या. काकू आत पणत्या लावत होत्या. दिवाकरराव अंगणातल्या लिंबाच्या झाडापाशी गेले. इकडे तिकडे पाहिलं. आणि एक ताजं, पिवळं लिंबू आणून माझ्या डोक्यावर ठेवलं. कुंकूही लावलं. आणि मागे न बघता घरात गेले.

मी त्या लिंबाखाली रात्रभर जागा होतो. आजवर मी जागा अडवत होतो, आता माणसांना भिववत होतो. आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

पाडव्याला दुपारी उन्मेष आणि दिवाकरराव गाडी घेऊन गौतमपुऱ्याला हिंगोट बघायला गेले. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन बाजूंची माणसं एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली सुकी रानफळं, फेकतात, आणि लोक लांबून लांबून बघायला जातात. जाताना मला नीट रस्त्याच्या कडेला उभं केलं. समोरच्या बाजूला कोणा पाहुण्यांची मोठी गाडी आडवीतिडवी लावलेली, मालकाचा पत्ता नाही.

तीन वाजले असतील. बाईंच्या घरातून किंकाळी आली. पूर्वाची. आठवा सुरू होता, अजून दीड महिना होता. देवांश पाडव्याला आले होते, ते धावत बाहेर आले. त्यांची गाडी गल्लीच्या टोकाला, भिंतीला लागून. पूर्वाला मागच्या सीटवर निजवलं. तिच्या साडीवर रक्त होतं, मी पाहिलं. गाडी मागे आली, आणि थांबली. एका बाजूला ती मोठी गाडी, दुसऱ्या बाजूला मी. मधून जाईल एवढी वाट नाही. मला उचललं तर रिकाम्या जागेतून आरामात निघाली असती.

जी धास्ती तीन वर्षं पोटात होती, ती समोर येऊन उभी राहिली.

देवांश उतरले, माझ्याकडे झेपावले. शैलजाबाईंनी मागून त्यांचा हात धरला. "जावईबापू, नका. तुम्ही तर नकाच. बाळाचे बाप आहात तुम्ही."

"आई, कुछ नहीं होता ऐसा," ते म्हणाले. "हे सगळं काय मानता तुम्ही?"

म्हणाले खरे. पण त्यांची नजर त्या ताज्या लिंबावर पडली, कुंकवावर पडली, आणि पाईपपर्यंत आलेला हात तिथेच थांबला. इंजिनियर माणूस. मी त्यांना दोष देत नाही. सीटवर बायको कण्हत होती, अशा वेळी कोणाचाही हात थांबला असता.

चारपाच माणसं जमली. कोणी म्हणालं, गाडी से ही धक्का मार दो. बाई म्हणाल्या, पोरगी आत असलेली गाडी त्याला लावायची? कोणी समोरच्या गाडीच्या मालकाला शोधत पळालं. कोणी फोन लावला. हॉर्न वाजत होता. आणि हात कोणी लावत नव्हतं. धरा रे मला, मी म्हणत होतो. पाईप धरा आणि आडवा पाडा, लाथ मारा, काही करा. आत काही नाही, रेती आहे. त्या पोरीच्या कण्हण्याचा आवाज हळूहळू बारीक होत होता, आणि मी तिथेच उभा.

आवाजाने शोभनाकाकू बाहेर आल्या. हाताला बेसन लागलेलं. त्यांनी गाडी पाहिली, पूर्वा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "अहो सरकवा ना त्याला. असे काय उभे?"

बाईच काकूंशी बोलल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुमचं लिंबू आहे, शोभना. तुम्हीच उचला. माझ्या मुलीने काय केलं होतं तुमचं?"

काकूंना एक क्षण काही उमगेना. मग दसरा आठवला असणार, कारण चेहरा पांढरा पडला. त्या पुढे आल्या आणि लिंबू उचललं. हातात घेताच थबकल्या. लिंबू टणक होतं, रसाळ होतं, देठाला हिरवं पान होतं. वीस दिवसांपूर्वीचं लिंबू असं नसतं. त्यांनी आपल्या अंगणातल्या झाडाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. हे मी त्यांच्या बोटांवरून सांगतो.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. "दसऱ्याचं. गाडीच्या चाकाखालचं. विसरले मी शैलजाताई, टोटका बिटका काही नाही हो." आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते लिंबू सालीसकट दातांनी फोडलं. रस हनुवटीवरून ओघळला. आंबटाने डोळे मिटले. चावून गिळलं आणि म्हणाल्या, "बघा, खाल्लं. आता धरा रे कोणीतरी."

त्यांनी एकट्यांनीच पाईपला मिठी मारली. मग देवांश आले, मग बाकीचे. मी आडवा पडलो, एक कोपरा फुटला, गडगडत फाटकाला लागलो. इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. गाडी गेली. वीस मिनिटं गेली होती.

रात्री बापलेक परत आले. काकू फाटकात उभ्या होत्या. "पूर्वाला नेलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्याने वाट अडवली. ताईंना मी सांगितलंय लिंबू माझं म्हणून. कोणाचं ते तुम्ही मला सांगू नका. आपल्याच झाडाचं होतं, चव कळते मला."

दिवाकरराव खाली मान घालून आत गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. उन्मेषने मला उभं करून भिंतीशी, माझ्या जुन्या जागेच्या कडेला ठेवलं. डब्याला कोण बातमी सांगणार? येणाऱ्याजाणाऱ्यांचे तुकडे ऐकायचे. मुलगी झाली. अगदी चिमुकली, काचेच्या पेटीत ठेवलीय. पूर्वाला रक्त चढवलं. आज जरा बरं. आज पुन्हा ताप. जितक्यांदा बाईंचं फाटक वाजायचं, तितक्यांदा माझा पत्रा थंड पडायचा.

आणि एक गंमत बघा, गंमत कसली. जागा आता मोकळी होती, पण उन्मेषची गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावरच राहिली. बापाने सांगितलं होतं, नको तिथे. रोज सकाळी दिवाकरराव यायचे, मला उचलून न्यायला हात पुढे करायचे, आणि मागे घ्यायचे. लिंबू स्वतःच्या झाडाचं, कुंकू स्वतःच्या देवघरातलं, ठेवलं स्वतःच्या हाताने, आणि आता त्यालाच भीत होते. पेटीतली पोर बरी होत नाही तोवर हा माणूस मला हात लावणार नाही, हे मला कळलं होतं.

एकविसाव्या दिवशी पूर्वा बाळाला घेऊन घरी आली. तो काल. आणि आज सकाळी ती धुतलेली दुपटी घेऊन बाहेर आली. थंडी पडलीय, आणि बाईंच्या अंगणात ऊन उशिरा येतं. सकाळचं ऊन पडतं ते नेमकं माझ्यावर. तिने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यापाशी आली, आणि थांबली. माझ्या फुटलेल्या कोपऱ्यावरचा रंग उडालाय. खाली तेलाच्या डब्याची जुनी अक्षरं दिसतात, आणि शेजारी तो पोचा.

ती वाकली. पोच्यावरून बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "अगं हा चिवड्याचा डबा आहे."

शैलजाबाई दारातून म्हणाल्या, "पूर्वा, हात नको लावूस त्याला."

"लावला पण," पूर्वा म्हणाली, आणि ओलं दुपटं माझ्या पाईपवर टाकलं.

दिवाकरराव फाटकापाशी उभे होते. किती वेळचे कोण जाणे. पुढे आले. "पूर्वा, पाडव्याच्या दिवशीचं ते लिंबू काकूंनी नव्हतं ठेवलं. मी ठेवलं होतं."

ती दुपट्याची सुरकुती काढत राहिली. दारात शैलजाबाईंनी सगळं ऐकलं. त्या दिवाकररावांकडे बघत होत्या आणि त्या बघण्यात माफी नव्हती, हे मी खोटं कशाला सांगू. मग म्हणाल्या, "शोभनाला पाठवा. बाळाला न्हाऊ घालायचंय. मला एकटीला भीती वाटते, फार लहान आहे." आणि आत गेल्या.

दिवाकररावांनी तेव्हा माझ्या पाईपला हात लावला. "दुपारी उन्मेष घण आणतोय," ते पूर्वाला म्हणाले. "फोडून टाकतो याला."

तर असं आहे. दुपारी मला फोडणार. माझ्या जागी कोणाची गाडी लागेल ते त्यांचं ते बघतील, एकमेकांना विचारून लावली तर बरं. तुमच्या दारात असा एखादा डबा असेल, खुर्ची असेल, दगड असेल, तर त्याला जरा विचारा, रात्री झोप लागते का. मला घणाची भीती वाटते, खोटं नाही बोलणार. पण एकच मागणं आहे. दुपटं अजून ओलं आहे. ते वाळेपर्यंत थांबा.